डाळीच्या ढिगातला माइक

मित्रांनो, मी माइक आहे. जुना आहे, हे माझ्या डोक्यावरचा पोचा पाहून कुणालाही कळेल. हा पोचा एका वरातीत पडला. नवरदेवाच्या मामांनी गाणं म्हणायला मला हातात घेतलं आणि थेट घोड्याच्या पायाशी टाकलं. गाणं मात्र त्यांनी पुरं केलं, माझ्यावाचून.

माझा जन्म दिल्लीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही, कारण तिथे माझ्याशी कुणी बोललंच नव्हतं. मी बोलू लागलो तो कर्नाटकाच्या सीमेवरच्या आळंदला, नागेशअण्णांच्या मंडप-स्पीकरच्या दुकानात. लग्नं, जयंतीची मिरवणूक, उरूस, जत्रेत हरवलेल्या पोरांची नावं, सगळं माझ्यातून गेलं. एकाच कार्यक्रमात मराठी, कन्नड आणि दख्खनी ऐकायची मला सवय झाली. लोक माझ्या डोक्यावर टकटक मारत, तोंडावर फुंकर घालत. त्रास व्हायचा, पण मान होता. मग बिनवायरचे माइक आले. गरज सरो, वैद्य मरो. मी गोणपाटाच्या पिशवीत गुंतलेल्या वायरींच्या सोबतीला जाऊन पडलो.

तिथून मला बाहेर काढलं मैत्रेयीने. ती अण्णांची भाची, कलबुर्गीला विद्यापीठात शिकते. तिथे दरवर्षी विद्यार्थ्यांच्या लघुपटांचा महोत्सव भरतो. मैत्रेयीला आपल्या आजीवर लघुपट करायचा होता. आजी म्हणजे अण्णांची आई, विमलबाई. त्या आळंदच्या डाळमिलमध्ये तूरडाळ निवडायच्या. समोर सिद्धव्वा बसायच्या, मधे डाळीचा ढीग. विमलबाई मराठीत बोलत, सिद्धव्वा कन्नडमध्ये उत्तर देत. दोघींना दोन्ही भाषा कळत, पण आपली भाषा दोघींनीही सोडली नाही. भांडण व्हायचं ते खड्यांवरून, भाषेवरून कधीच नाही.

मैत्रेयीच्या मोबाइलवर चित्र छान आलं, आवाज मात्र नुसता यंत्राचा. म्हणून तिला मी आठवलो.

"मामा, ह्यो चालतो का अजून?"

"चालतो की. त्याला काय झालंय? फकस्त टकटक मारू नको," अण्णा म्हणाले. मला फार बरं वाटलं.

तिने मला दोघींच्या मधे, डाळीच्या ढिगात उभं खोचलं आणि माझी वायर मोबाइलला जोडली. पहिल्या दिवशी सिद्धव्वा माझ्याकडे तोंड करून भाषण दिल्यासारख्या बोलल्या. दुसऱ्या दिवशी त्या मला विसरल्या आणि तेव्हा कुठे खरं काम झालं. माझ्या जाळीत डाळीचा भुसा गेला, पण माझी तक्रार नव्हती.

दिवाळीनंतर सिद्धव्वा तापाने गेल्या. विमलबाईंनी मिलमध्ये जाणं सोडलं. मैत्रेयी त्यांना मोबाइलवर लघुपट दाखवायला गेली, तर त्यांनी तो कानाला लावून पाहिला आणि परत दिला.

"ह्याच्यात मला काय बी ऐकू येईना. मोठ्यानं लावतेत तिथं ने मला. तिचा आवाज एकदा ऐकायचाय."

म्हणून अण्णा त्यांना गाडीतून कलबुर्गीला घेऊन आले. मीही होतो. हॉलच्या दारापाशी मुलांनी आपापली साधनं मांडली होती. नवेकोरे कॅमेरे, लांबलचक भिंगं आणि शेवटी मी. दोघा-तिघांनी माझा पोचा पाहून हसून घेतलं. असो.

लघुपट सुरू झाला, आणि थोड्याच वेळात बेंगळुरूहून आलेले परीक्षक उठून उभे राहिले. अर्धं बोलणं मला कळत नाही, खाली भाषांतराच्या ओळी कुठे आहेत, असं त्यांनी कन्नडमध्ये विचारलं. मैत्रेयीचं तोंड उतरलं. ओळी घातल्याच नव्हत्या. लघुपट तिने पाहिला, तिच्या मित्रांनी पाहिला, मिलमधल्या बायकांनी पाहिला. यात दोन भाषा आहेत हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. खरं सांगतो, माझ्याही आलं नव्हतं.

ओळी नसतील तर लघुपट बाद, असा नियम होता. दिवे लागले. पहिल्या रांगेतल्या विमलबाईंनी अण्णांचा हात धरला.

"कामून बंद केलं रं? सिद्धव्वा आत्ताच तर बोलायली होती."

ते मैत्रेयीने ऐकलं. ती परीक्षकांना म्हणाली, "सर, आजीचं बोलणं मी इथं उभी राहून कन्नडमध्ये सांगते. पण शेवटपर्यंत दाखवा." परीक्षकांनी जरा विचार केला आणि होकार दिला. तिला बिनवायरचा माइक दिला, तर त्याचा सेल संपलेला. अण्णा दारापाशी जाऊन मला घेऊन आले आणि माझी वायर जोडली. टकटक मारली नाही.

पडद्यावर विमलबाई मराठीत बोलत आणि लगोलग मैत्रेयी ते माझ्यातून कन्नडमध्ये सांगे. खड्यांवरचं भांडण ऐकून हॉल हसला. मग पडद्यावर जेवणाची सुट्टी झाली. सिद्धव्वांनी हात झटकले, वर पाहिलं आणि रोजच्यासारखी हाक मारली, "ऊटा माडूण बा, अक्का." ये, जेवू या.

पडद्यावरच्या विमलबाईंनी तोंड उघडायच्या आत खुर्चीतल्या विमलबाई बोलल्या.

"व्हय, व्हय. तू बस म्होरं. आलेच मी."

क्षणभराने पडद्यावरच्या विमलबाईही तेच म्हणाल्या, शब्दाला शब्द. मैत्रेयीने मला खाली केलं. तेवढं वाक्य तिने सांगितलं नाही आणि परीक्षकांनीही त्याचा अर्थ विचारला नाही.

बक्षीस दुसऱ्या लघुपटाला मिळालं, आणि तोही चांगला होता. परतताना गाडीत विमलबाईंनी मला मांडीवर घेतलं.

"ती ह्याच्यात हाय का रं?"

"न्हाई माय. ह्याच्यातनं आवाज नुसता जातो," अण्णा म्हणाले.

जाळीत अडकलेला डाळीचा भुसा विमलबाईंनी पदराने पुसून काढला.

मित्रांनो, अण्णा खोटं बोलले नाहीत. माझ्यात काही उरत नाही. आवाज जपून ठेवायचं काम तुमचं. घरात कुणी बोलत असेल, तर जरा जवळ जाऊन बसा. आणि बोलायच्या आधी माझ्या डोक्यावर टकटक मारू नका. मी तुमच्या आधीपासून ऐकत असतो.