पाहुण्यांचं पाणी

गळका नळ दिसला की चंद्रहास गलांडे यांचा हात आपोआप पुढे जात असे. मेहुण्याच्या लग्नात अक्षता पडायच्या वेळी ते मांडवात नव्हते. कार्यालयाच्या मागच्या नळाला सुतळी गुंडाळत बसले होते. माण तालुक्यात टँकरमागे धावण्यात बालपण गेलेलं, आणि पुढची सव्वीस वर्षं ओमानमध्ये मस्कतच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पंपांची देखभाल करण्यात. वाया जाणारं पाणी त्यांना बघवत नसे.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी ते, पत्नी सुचित्रा आणि सोळा वर्षांची उर्वी मस्कतच्या अल खौद भागातल्या घरून निघाले आणि जबल अख्दरचा घाट चढून हिजैरा नावाच्या खेड्यात पोचले. मस्कतमध्ये त्रेचाळीस अंश होते, इथे अठ्ठावीस. बैत अल रुम्मान, म्हणजे डाळिंबांचं घर, हे तिथलं एकमेव हॉटेल. दगडमातीचं तीनशे वर्षांचं घर, सात खोल्या. हमद नावाचे ब्याऐंशी वर्षांचे मालक, त्यांची मुलगी जुवैना, आणि अठरा वर्षांपासून स्वयंपाकघर सांभाळणारा हैदराबादचा सिराज, एवढ्या तिघांवर सगळा कारभार.

"मॅडम, एक बात," सामान ठेवता ठेवता सिराजनं सुचित्राला सांगितलं, "नहाने की टंकी आज खाली के बराबर है. कल सुबह आठ बजे भरेगी, टँकर तो परसों आता है. उसके बाद जितना चाहे नहाइए."

"आठ वाजता?" सुचित्राचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी श्रावणातला शुक्रवार होता. जिवतीच्या पूजेसाठी तिनं छापील कागद, फुटाणे, साखर, सगळं बरोबर आणलं होतं, आणि जन्मात कधी ती पारोशानं देवासमोर बसली नव्हती. सिराजची पाठ वळताच तिनं नळाला जेवढं होतं तेवढं पाणी बादलीत भरून घेतलं, वर ताट झाकलं आणि बादली पलंगाखाली सरकवली.

"मम्मी, ये तो चीटिंग है," उर्वी म्हणाली.

"चीटिंग नाही, सोय आहे. आणि मराठीत बोल."

शुक्रवारी सकाळी सहाला चंद्रहासराव फिरायला बाहेर पडले. हॉटेलच्या मागून फलज वाहत होता. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी गावभर खेळवणारा दगडी पाट. पाण्याला ना पंप होता ना मोटर, नुसता उतार. चंद्रहासराव कौतुकानं त्याच्या कडेकडेनं चालत गेले. शंभर पावलांवर ते थबकले. पाटाच्या भिंतीला वीतभर भोक पडलं होतं आणि जवळजवळ सगळं पाणी तिथून खाली धो धो कोसळत होतं. शेजारी एक दगड आणि चिंध्यांचा बोळा पडला होता.

"अरेरे," ते मोठ्यानं म्हणाले. कोणा शेळीनं बूच पाडलं असणार.

त्यांनी दगड बसवला. फटीतून पाणी येतच राहिलं, तेव्हा चिंध्या ठासल्या, त्यावर चिखल थापला. तरीही बारीक धार राहिली. मग त्यांनी खिशातला निळ्या चौकटीचा रुमाल काढून तोही आत कोंबला. धार थांबली. सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. त्यांनी फोटो काढला आणि कारखान्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला. खाली लिहिलं, 'सुट्टीतही ड्यूटी.' खोलीवर परतले तेव्हा ते शीळ घालत होते.

पावणेआठला तिघं न्याहारीला अंगणात आले. जुवैनानं गरम रोट्या, मध आणि अंडी मांडली होती. पलीकडच्या टेबलावर इंगेबोर्ग आणि ओला हे नॉर्वेचं साठीतलं जोडपं बसलं होतं. आदल्या संध्याकाळीच ओळख झाली होती. त्यांच्या घराण्याचंही डोंगरातल्या एका गावात जुनं हॉटेल होतं. बाकी खोल्या रिकाम्या होत्या.

चंद्रहासरावांच्या ताटलीशेजारी निळ्या चौकटीचा रुमाल होता. धुतलेला, घट्ट पिळलेला, चौकोनी घडी घातलेला. अजून ओला.

"तुमचा ना हा?" सुचित्रानं विचारलं.

"माझाच. पण मी तर तो..." त्यांनी हमदबाबांकडे पाहिलं. बाबा कोपऱ्यात कॉफी ओतत होते. त्यांनी मान लववून 'सबाह अल खैर' म्हटलं आणि कप पुढे केला. चेहऱ्यावर काहीही नव्हतं. जुवैना मात्र आत निघून गेली.

चंद्रहासराव उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले. सिराज तवा घासत होता.

"सिराजभाई, वो पानी का छेद..."

"छेद नहीं था साब," सिराज मान वर न करता म्हणाला. "हमारी पाळी थी." हा शब्द तो मराठीच बोलला, आधी आठ वर्षं तो नांदेडच्या एका ढाब्यावर होता. "नऊ दिवसांनी एकदा येते. सूर्य उगवल्यापासून साडेसातपर्यंत. बाबानं सूर्य उगवल्यावर दगड काढला, बागेत पाणी सोडलं, पाहुण्यांच्या कॉफीला लागले. सव्वासातला जाऊन बघतात तर बाग जवळजवळ कोरडी. कसलं प्याक केलं होतं साब तुम्ही! छिन्नी लागली."

"पाणी गेलं कुठे?"

"खाली वादीत, कोरड्या ओढ्यात. दगडगोट्यांना पाजलं तुम्ही."

चंद्रहासरावांनी खिडकीतून पाहिलं. खाली उतारावरच्या शेताच्या तीन पायऱ्यांवर डाळिंबाची बावीस झाडं उभी होती, फळांनी लगडलेली, फळं मुठीपेक्षा मोठी. पुढचं त्यांना कोणी सांगायला नको होतं. त्यांच्या थोरल्या भावाची आटपाडीला डाळिंबाचीच बाग होती. तोडणीला महिना उरला असताना एक पाळी चुकली आणि नंतर पाणी दिलं, की साल तडकते. मग अख्ख्या झाडावर दात विचकलेली फळं. वर्षभराची मेहनत मुंग्यांच्या नावानं.

"दुसऱ्याची पाळी उसनी मिळेल?"

"ऑगस्टमध्ये? सगळ्यांचीच डाळिंबं तहानलेली."

"मग मला कोणी काही बोललं का नाही?"

"मेहमान को कौन बोलेगा? रुमाल पण बाबांनी स्वतः धुतला." सिराजनं तवा टांगला. मग आवाज खाली आणला. "आठ वाजता अर्धा तास अजून एक पाळी आहे. ती घराची नाही, पाहुण्यांची. बाबांच्या पणजोबांनी लिहून ठेवली, येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंघोळीसाठी. त्यातनं टाकी भरते. घरच्या माणसानं त्या पाण्याला हात लावायचा नाही, पाहुण्याकडे मागायचं पण नाही."

"आणि पाहुण्यानं स्वतःहून दिलं तर?"

"मैंने कुछ नहीं बोला साब," सिराज म्हणाला आणि दुसरा तवा घासायला घेतला.

आठला बारा मिनिटं होती. चंद्रहासराव अंगणात परतले आणि टेबलाशी वाकून सगळं एका दमात सांगितलं. उर्वीनं कपाळाला हात लावला.

"बाबा, तुम्ही ना... फॅक्टरीच्या ग्रुपवर फोटो पण टाकला!"

"डिलीट केलाय."

"बेचाळीस लाइक्स होते."

 एरवी सुचित्रानं नवऱ्याला सोडलं नसतं. आज ती फारच शांतपणे म्हणाली, "द्या की पाणी. झाडं महत्त्वाची."

"जिवतीचं काय? टँकर उद्या येतो."

"बघीन माझं मी."

चंद्रहासरावांना बायकोचं मोठेपण पाहून भरून आलं. उर्वीला बादली आठवली. ती काहीतरी बोलणार तोच टेबलाखालून तिच्या पायावर पाय पडला.

नॉर्वेकरांना समजावण्याचं काम उर्वीकडे आलं. ते दोन मिनिटांत झालं. "आमच्याकडे हिवाळ्यात नळ गोठतात," ओला हसत म्हणाला. "पाहुणे बर्फ वितळवून तोंड धुतात आणि पुढच्या वर्षी परत येतात." इंगेबोर्गनं तर बूट चढवायला सुरुवात केली. तिला बाग बघायची होती.

उरले हमदबाबा. चंद्रहासराव त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि सव्वीस वर्षांत कमावलेली सगळी अरबी पणाला लावली.

"बाबा, पाहुण्यांचं आजचं पाणी आम्हाला बागेला द्यायचं आहे."

"अस्तगफिरुल्ला! तुम्ही अंघोळ करा. बागेचं अल्ला बघेल."

"बाबा, चूक माझी आहे."

"कसली चूक? मी काही पाहिलं नाही. कॉफी घ्या."

"पाणी कुणाचं आहे, बाबा?"

"पाहुण्यांचं."

"मग पाहुण्यानं त्याचं काय करायचं हे यजमान ठरवणार? तसं लिहिलंय पणजोबांनी?"

 जुवैना दारात येऊन उभी होती, ओढणीचं टोक दातांत धरून. बाबांनी अंगणात पाळ्यांची वेळ मोजायला रोवलेल्या काठीच्या सावलीकडे पाहिलं. सावली आठच्या दगडाला टेकायला दोन बोटं उरली होती. मग त्यांनी टेबलावरचा ओला रुमाल उचलला, चंद्रहासरावांच्या हातात दिला आणि त्यांना अरबीत 'इंजिनियर' म्हणून हाक मारली.

"मुहंदिस, टाकीकडे जाणारं तोंड फलजवरच आहे. ते बंद करायला हवं. बंद करणं तुला चांगलं जमतं. यल्ला, चल!"

जुवैना खो खो हसली आणि मग अंगणातले सगळेच हसले.

टाकीचं तोंड चाळीस सेकंदांत बंद झालं. बाबांनी बागेचा दगड काढला. चंद्रहासरावांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, जुवैनाच्या हातातून फावडं घेतलं आणि पस्तीस वर्षांनी दारं धरलं. एक आळं भरलं की माती ओढून तोंड बंद, पुढचं उघड. कुठे किती पाणी पुरेल हे हाताला आठवत होतं. "वरच्या पायरीला जास्त नको, उर्वी, तिथली माती धरून ठेवते! इंगेबोर्गबाई, तो दगड! नाही, दुसरा!" बाईंना मराठी कळत नव्हती, पण त्यांनी दगड बरोबर तोच उचलला.

साडेआठला शेजारच्या बागेचा मालक आला, सर्वांना सलाम केला आणि आपल्या हक्कानं पाणी वळवून घेतलं. धार आटली. एकवीस आळी भरली होती. खालच्या पायरीवरचं बाविसावं झाड कोरडं राहिलं.

"खलास," हमदबाबा म्हणाले. "एकवीस पुष्कळ झाली."

चंद्रहासराव त्या झाडाकडे पाहत राहिले. त्यावर एकोणीस फळं होती. त्यांनी मोजली होती. तेवढ्यात वरून पायऱ्यांवर धातूचा खणखणाट झाला. सुचित्रा साडीचा पदर खोचून बादली घेऊन उतरत होती. काठोकाठ भरलेली, वर ताट.

"हे कुठून आलं?" चंद्रहासरावांनी विचारलं.

"पलंगाखालून," उर्वीनं शुद्ध मराठीत सांगितलं.

"मगाशी केवढं कौतुक वाटलं होतं मला तुझं!"

"आता वाटू द्या," सुचित्रा म्हणाली आणि बादली आळ्यात ओतली. एक तांब्या मात्र तिनं शिल्लक ठेवला. "माणमध्ये म्हणे तांब्याभर पाण्यात अंघोळ करायचे तुम्ही. शिकवा आता."

त्यांनी दाराबाहेर उभं राहून शिकवलं. आधी पंचा ओला करायचा, तांब्या उपडा करायचा नाही. सव्वानऊला जिवतीची पूजा झाली. सुचित्रानं उर्वीला ओवाळलं, जुवैनाला दूध-फुटाण्यांचा प्रसाद दिला. चंद्रहासराव पारोसेच होते, म्हणून त्यांना उंबऱ्याबाहेरून हात जोडावे लागले.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सिराज कामासाठी मस्कतला आला आणि वाकडी वाट करून अल खौदला पोचला. त्यानं डाळिंबांची पेटी टेबलावर ठेवली. लालबुंद, अखंड साली, एकावरही रेघ नाही. सगळ्यात वर दोन फळं वेगळी बांधली होती. चंद्रहासरावांनी गाठ सोडली. दोन्ही तडकलेली होती.

"बाविसावं झाड," सिराज म्हणाला. "सतरा चांगली निघाली. बाबा म्हणाले, ही दोन मुहंदिसची, त्यालाच द्या."

फळं निळ्या चौकटीच्या रुमालात बांधलेली होती. धुतलेल्या, आणि या वेळी इस्त्री केलेल्या.