दुसरे पातेले

आमच्या घरात पातेले एकच असावे, हा नियम माझ्या आजोबांचा; परंतु त्याचा उच्चार सर्वांत मोठ्या आवाजात कोणी केला असेल, तर तो मी, सयाजीराव, याने केला. सून सुष्मा उंबरठा ओलांडून आत आली त्याच दिवशी मी तिला सुनावले होते, "ज्या घरात दोन चवींची दोन पातेली चुलीवर चढतात, ते घर आतून वाटले गेले असे समजावे." नात भव्या लहान असताना तिला एकदा खिम्याच्या उंड्यांऐवजी नूडल्स हव्या होत्या. तिलाही मी तेच ऐकवले. ती मुसमुसत उंडे जेवली, आणि मला माझ्या तत्त्वनिष्ठेचा अभिमान वाटला.

आम्ही म्हैसूरचे मराठे. माझे पणजोबा संस्थानच्या घोडदळात स्वार होते. त्यांचा पितळी बटणांचा गर्द निळा कोट आजही आमच्या ट्रंकेत आहे. आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या दिवशी घरातील कर्त्या पुरुषाने तो अंगात घालावा आणि जुन्या तलवारीची पूजा करावी, अशी आमच्या घरची रीत. यंदा तो कोट माझ्या एकुलत्या मुलाच्या, शरतच्या अंगावर चढवीन, असे मी सर्व नातलगांना सांगून बसलो होतो. तथापि शरतचे पोट आड आले. गेल्या वर्षी त्याने कोट घालून पाहिला तेव्हा बटण आणि काज यांच्यात वीतभर अंतर राहिले होते. पुढे उन्हाळ्यात डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सांगितले की यकृतावर चरबी चढली आहे, रक्तात साखर वाढली आहे, आणि वजन उतरले नाही तर पुढचे बोलणे हृदयाविषयी करावे लागेल.

घरी येऊन शरतने वर्तमानपत्र उघडले. सुष्मा बोलली.

"मामंजी, रविवारचे उंडे आता बदलायचे. तुम्ही नको म्हणायचं नाही."

"मी कशाला नको म्हणू?"

"म्हणाल. उंड्यांना हात लावला की तुम्हाला अत्ते आठवतात."

अत्ते म्हणजे तिची सासू, माझी दिवंगत पत्नी भवानीबाई. मटणाचा खिमा चरबीसकट पाट्यावर वाटावा, त्यात डाळे, नारळ आणि खसखस घालून लिंबाएवढे उंडे वळावेत, ते लालभडक सारात सोडावेत, आणि नाचणीच्या गरम मुद्देबरोबर, म्हणजे उकडलेल्या पिठाच्या गोळ्याबरोबर वाढावेत, हा भवानीबाईंचा हातखंडा. कोणाचा ताप उतरला, कोणी परीक्षेत नापास झाले, कोणाचे लग्न मोडले, तर ती समजूत घालीत बसत नसे, उंडे करी. आमच्या घरात सांत्वनाची भाषा तीच होती.

सुष्माने मोबाइलवर पाहून, विचारपूर्वक, सारे बदलले. चरबी गेली. मटणाच्या जागी कोंबडीच्या छातीचा खिमा आणि भिजवलेल्या सोयाबीनचा चुरा आला. नारळाच्या जागी किसलेला दुधी आला. उंडे इडलीच्या पात्रात वाफवले गेले. तेलाचा चमचा भरला की ती बोटाने काठ निपटून घेई. पहिला उंडा मी तोंडात घातला, तेव्हा तापातून उठलेल्या माणसाच्या जिभेला अन्न जसे लागते, तसा तो लागला.

"कसं झालंय, मामंजी?"

"उत्तम," मी म्हणालो. "भवानीच आठवली."

"चन्नागिदे, छान झालंय," शरतही खाली मान घालून म्हणाला.

पातेले एक, म्हणून जे शरतला तेच मला. रविवारचेच नव्हे, रोजचेच. भात निम्मा झाला, तुपाची बरणी वरच्या फळीवर गेली. मी मुळात किरकोळ बांध्याचा मनुष्य. श्रावण सरेपर्यंत माझ्या पायजम्याची नाडी पोटाला दोनदा गुंडाळता येईल अशी स्थिती झाली. दुपारी भूक लागे आणि मी पाणी पीत बसे. एक वाटी वेगळी मागितली असती तर सुष्मा नाही म्हणाली नसती. परंतु वेगळी वाटी मागणे म्हणजे दुसरे पातेले मागणे. शिवाय मुलगा स्वतःच्या जिभेशी झगडत असता बापाने त्याच्यासमोर चरबीचा घास मागावा, हे मला नीच वाटले.

म्हणून मी त्याहून नीच गोष्ट केली. वाचनालयात जातो असे सांगून बस धरली आणि नजरबाद भागात, एका बोळातील मिलिटरी हॉटेलात गेलो. आमच्याकडे मटण-कोंबडीच्या खाणावळीला मिलिटरी हॉटेल म्हणतात. मालक नरसिंह गल्ल्यावरून म्हणाला, "बन्नी यजमान्रे, या बसा, उंडे बिसि बिसि, गरमागरम आहेत." मी खांबामागे, भिंतीकडे तोंड करून बसलो. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आले. ते तिखटाचे नव्हते. सत्तरी ओलांडलेला मी, ज्याने नातीला नूडल्स दिल्या नाहीत, तो परक्याच्या ताटात चोरून जेवत होतो. उठून यावे असे वाटले. उठलो नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो.

अशाच एका दुपारी, अर्धे ताट संपले असता, पाठीमागून आवाज आला.

"इन्नोंदु प्लेट उंडे. बेग."

आणखी एक प्लेट, लवकर. आवाज ओळखण्यासाठी मला वळावे लागले नसते. तरी मी खांबाच्या कडेने पाहिले. दाराजवळच्या टेबलावर शरत बसला होता. डावा हात त्याने ताटाभोवती कुंपणासारखा धरला होता आणि मान खाली घालून, कोणी ओढून नेईल अशा घाईने तो जेवत होता. लहानपणीही तो असा कधी जेवला नव्हता. मला संताप यावयास हवा होता. तो आला नाही, कारण माझ्यापुढेही तेच ताट होते. मुलाला रागे भरावे तर प्रथम आपले तोंड पुसावे लागले असते.

मी भटारखान्याच्या दाराने बाहेर पडलो.

"याके यजमान्रे, जेवण सरी नव्हतं का आज?" नरसिंहाने मागून विचारले.

"सरी होतं," मी म्हणालो. "पोट भरलं."

त्या संध्याकाळी आम्ही दोघेही थोडे जेवून "साकु, पुरे" म्हणालो. सुष्मा ताटांकडे पाहत म्हणाली, "एवढंसं खाता दोघं, तरी यांचं वजन हलत नाही. काटाच बिघडलाय की काय, कुणास ठाऊक!" शरतने पाण्याचा तांब्या उचलला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिलो.

आयुधपूजा तोंडावर आली तेव्हा सुष्माने कोट काढून उन्हात टाकला, झटकला, आणि शरतला मधोमध उभे केले.

"श्वास आत घ्या. आणखी. घेतलाय का खरंच?"

"घेतलाय गं."

तिने दोन्ही बाजू धरून ओढल्या. वीतभर अंतर वीतभरच राहिले. सुष्मा हळूच खाली बसली. तिने कोणालाही दोष दिला नाही, हेच असह्य होते.

"माझंच काहीतरी चुकतंय," ती म्हणाली. "तेल बघून घालते, भात बघून वाढते. डॉक्टर म्हणाले होते, जेवण सुधारलं की हे सुधारतील. काय चुकतंय ते कळत नाही हो मला." आणि ती डोळे टिपू लागली.

शरत बटणाकडे पाहत होता. मी शरतकडे पाहत नव्हतो.

आईचे मन दुसरीकडे वळवावे म्हणून भव्या म्हणाली, "अम्मा, थांब. ताता, तू घाल बघू. तुला बसतो त्यावरून बटणं कुठं सरकवायची ते तरी कळेल."

ती मला ताताच म्हणते, कन्नड मुलांसारखे. मी टाळू पाहिले. परंतु तिने कोट माझ्या खांद्यांवर चढवलासुद्धा. गेल्या वर्षी तो माझ्या अंगासाठीच बेतल्यासारखा बसला होता. आता खांदे कोपरांकडे घसरले, कॉलर मानेपासून दूर उभी राहिली.

"अय्यो ताता, खुंटीवर टांगल्यासारखा दिस..." भव्या हसता हसता थांबली.

सुष्मा उठली. तिने माझ्या पाठीमागे येऊन कोटाचे कापड मुठीत गोळा केले. मूठ भरली तरी कापड उरले.

"मामंजी, हा तुम्हाला बरोबर बसत होता."

"होय."

"मग तुम्ही कुठं गेलात?"

माझ्यापाशी दोन उत्तरे होती. एकात मुलाची लाज उघडी पडत होती, दुसऱ्यात फक्त माझी. मी माझी निवडली.

"पोरी, मला भूक लागते." हे वाक्य मी आयुष्यात कोणापुढे उच्चारले नव्हते. "तुझ्या जेवणाने माझं भागत नाही. मी वाचनालयात जात नाही. नजरबादला मिलिटरी हॉटेलात जातो, आणि उंडे खातो."

मग शरतने घोगऱ्या आवाजात विचारले, "आप्पा, खांबामागं भिंतीकडं तोंड करून बसतात ते तुम्ही?"

"होय."

"मी दाराजवळ."

"ठाऊक आहे मला."

त्याचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. सुष्माने एकदा त्याच्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे.

"म्हणजे सासरा खांबामागं, नवरा दाराजवळ, आणि मी इथं दुधी किसतेय! सांगायला तोंड नव्हतं का दोघांना?"

"होतं की," भव्या पुटपुटली. "पण भरलेलं होतं."

सुष्मा हसली नाही. "एक वाटी वेगळी काढायला मला काय जड होतं, मामंजी? पण तुमचं ते एक पातेलं! लग्न होऊन आल्या दिवसापासून मी त्या पातेल्याला भिते."

घराला एकत्र बांधतो म्हणून जो नियम मी मिरवला, त्याला या घरातील बाई भीत होती. तो लोंबणारा कोट अंगात तसाच ठेवून मी स्वयंपाकघरात गेलो, फळीवरचे भवानीबाईंचे लहान पातेले खाली घेतले आणि गॅसच्या रिकाम्या शेगडीवर ठेवले. पातेले खडखडले.

"हे दुसरं," मी म्हणालो. "मीच मांडलंय."

"आणि माझ्या नूडल्स, ताता?" दारातून प्रश्न आला.

"तिसरं मांड."

शरत मागे येऊन उभा राहिला होता. तो बायकोला म्हणाला, "सुष्मा, खरं सांगू? तुझ्या उंड्यांना चव नाही. माझ्यासाठी एवढं करतेस, म्हणून सांगायला लाज वाटली."

"आता सांगताय! सोयाबीन संपत आल्यावर!" ती म्हणाली, परंतु डोळे पुसून तिने विचारले, "अत्ते काय घालायच्या, मामंजी? चरबी सोडून बोला."

तेव्हा मला प्रथमच नीट आठवावे लागले. भवानी कांदा अख्खा निखाऱ्यावर करपवी, लसूण सालीसकट भाजून घेई, धणे आणि खसखस कोरडीच परती. साराचा तो वास चरबीचा नव्हताच. आजवर मी केवळ "भवानी आठवली" म्हणत आलो, ती काय करी ते कधी सांगितले नाही.

त्या रविवारी शरतने स्वतः जाळीवर कांदे करपवले. त्याच्या पातेल्यात वाफवलेलेच उंडे होते; सारात खसखस परत आली होती. त्याने एक उंडा खाल्ला, थांबला, आणि दुसरा मागून घेतला. माझ्या लहान पातेल्यात चरबी होती. त्याची दृष्टी तिकडे गेली, तेथून माझ्या मानेच्या हाडांकडे आली, आणि खाली वळली. मी माझा घास संथपणे, त्याच्यासमोर खाल्ला. तेही सोपे नव्हते.

आयुधपूजेला कोट मीच घातला. सुष्माने पाठीत आणि खांद्यांत टाके घालून तो आत घेतला होता.

"कच्चा टाका आहे," ती म्हणाली होती. "तुम्ही भरलात तरी उसवेन, हे उतरले तरी उसवेन."

जमलेल्यांपैकी कोणीतरी विचारलेच, "सयाजण्णा, यंदा कोट शरतला द्यायचा होता ना?"

"त्याला तो होत नाही," मी म्हणालो, "आणि मला तो मोठा होतो. दोष कोटाचा नाही." नातलगांना अर्थ लागला नाही.

तलवारीला कुंकू लावण्यासाठी मी वाकलो. तोल जाऊ नये म्हणून शरतने पाठीवर हात ठेवला. त्याच्या बोटांना टाका लागला. ती बोटे त्या टाक्यावरून सावकाश फिरली, शेवटापर्यंत, आणि पूजा संपेपर्यंत तेथेच राहिली.