सकाळी लावलेलं रात्रीचं जेवण

केयूर दिवाळीला दोन आठवड्यांसाठी अमेरिकेहून आला, तेव्हा त्याच्या सामानात एक जड खोकं होतं. आत चिनी मातीचं काळं, लांबट भांडं, ते बसवायला विजेवर तापणारं कवच आणि वर काचेचं झाकण.

"स्लो कुकर," तो बायकोला, उल्काला म्हणाला. "तिकडे माझ्या टीममध्ये सगळ्यांकडे आहे. सकाळी डाळ, भाजी, पाणी, काय हवं ते आत टाकायचं आणि ऑफिसला जायचं. संध्याकाळी आल्यावर जेवण तयार."

तिकडच्या विजेवर चालणारं ते यंत्र इथे नुसतं लावलं तर जळालं असतं, म्हणून केयूरने बुधवार पेठेतून एक ट्रान्सफॉर्मर आणून ओट्याच्या कोपऱ्यात बसवून दिला. तो चालू केला की बारीक गुणगुणायचा.

उल्काचे सासरे श्यामसुंदर दारात उभे राहून हे सगळं बघत होते. खडकीच्या कारखान्यात स्टोअर्स सांभाळून निवृत्त झालेले गृहस्थ. कोणतीही वस्तू आली की ती कुठून आली आणि कशाला आली हे विचारायची सवय अजून गेली नव्हती.

"म्हणजे दिवसभर शिजणार," ते म्हणाले. "आपल्याकडे पाहुणे जेवढा वेळ बसतात तेवढा वेळ."

केयूर परत गेला. त्याच्या प्रोजेक्टचे अजून काही महिने बाकी होते. कोथरूडच्या त्या फ्लॅटमध्ये मग तिघंच उरली: उल्का, श्यामसुंदर आणि पाचवीतली अपूर्वा.

हे दोन हजार सहा सालातलं. उल्काची कंपनी हिंजवडीला होती. सकाळी आठच्या सुमाराला कंपनीची बस सोसायटीच्या कोपऱ्यावरून तिला घेऊन जायची आणि रात्री साडेआठ-पावणेनऊच्या आत आणून सोडायची नाही. रस्ता रोज खणलेला आणि गाड्या रोज वाढलेल्या. यमुनाबाई सकाळी पोळ्या करून जायच्या. उल्का घाईघाईत एक भाजी आणि आमटी करून ठेवायची, तीच दोन्ही वेळा पुरायची. रात्रीपर्यंत पोळ्या कडक होत. श्यामसुंदर आठला जेवायला बसत. चहा सोडला तर ओट्याशी त्यांचा कधी संबंध आलेला नव्हता, त्यामुळे ते सगळं थंडच वाढून घेत. अपूर्वा शाळेतून आल्यावर फरसाण आणि बिस्किटं खायची आणि आई यायच्या वेळेला तिला भूक नसायची. उल्का एकटी जेवायची, बऱ्याचदा उभ्यानेच. सासूबाई असताना हे असं नव्हतं. त्या जाऊन तीन वर्षं झाली होती.

स्लो कुकरने पहिल्या आठवड्यातच फरक पडला. उल्का सकाळी मसूर, टोमॅटो, आलं-लसूण घालून झाकण ठेवायची आणि रात्री आल्यावर फक्त वरून फोडणी द्यायची. एकदा दुधी-हरभऱ्याची डाळ केली, ती फारच छान जमली. खिचडी मात्र फसली, तिचा गोळा झाला.

"दात नसलेल्यांची सोय केलीस, बरं झालं," श्यामसुंदर म्हणाले. "माझे अजून आहेत, पण जातील."

तरी ताटात काही राहिलं नाही. हळूहळू तिघं एकत्र जेवायला लागली. सासऱ्यांनी आपली आठची वेळ न बोलता पुढे ढकलली, हे उल्काच्या लक्षात आलं होतं. तिला वाटायचं, निदान हे एक तरी आपल्याला जमलं.

जानेवारीतल्या एका शनिवारी तिने राजमा भिजत घातला. केयूरनेच फोनवर सुचवलं होतं. रात्री झोपण्यापूर्वी तिने भिजलेला राजमा, कांदा, टोमॅटो सगळं भांड्यात घातलं आणि मंद आचेवर लावून दिलं. रविवारी दुपारी झाकण उघडलं तेव्हा घरभर वास सुटला. दाणे किंचित टणक लागत होते, पण चव उत्तम होती. अपूर्वाने दोनदा मागून घेतला. उल्का तिला आणि सासऱ्यांना वाढत होती, मग यमुनाबाई काही विचारायला आल्या, त्यांच्याशी बोलण्यात वेळ गेला आणि तिचं स्वतःचं जेवण मागे पडलं.

तासाभरातच अपूर्वाला उलट्या सुरू झाल्या. उल्काला वाटलं, जास्त खाल्लं असेल. मग न्हाणीघरातून सासऱ्यांच्या ओकण्याचा आवाज आला. थोड्या वेळाने ते भिंतीला धरून बाहेर आले आणि पलंगापर्यंत न पोहोचता खालीच बसले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. उल्काने शेजाऱ्यांना हाक मारली, आणि त्यांच्या गाडीतून दोघांना जवळच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी दोघांना सलाइन लावलं आणि काय खाल्लं ते विचारलं. उल्काने सांगितलं.

"कुकरमध्ये किती शिट्ट्या केल्या होत्या?"

"शिट्ट्या नाहीत. स्लो कुकर आहे. रात्रभर शिजत होता."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असतं. भिजवलेलं पाणी फेकून द्यायचं आणि नव्या पाण्यात तो आधी चांगला खळखळून उकळायचा, तेव्हा ते जातं. आपल्या प्रेशर कुकरमध्ये हे आपोआप होतं, म्हणून कुणाला माहीतच नसतं. मंद आचेवर दाणा मऊ होतो, पण विष तसंच राहतं. काळजी करू नका, उद्यापर्यंत दोघं बरी होतील."

संध्याकाळी नारायण पेठेतून केयूरची मोठी बहीण वसुधा धावत आली. आधी तिने वडिलांच्या कपाळावर हात ठेवला, अपूर्वाच्या केसांवरून फिरवला. मग उल्काकडे न बघता म्हणाली, "यंत्राच्या भरवशावर घर सोडलं की असंच व्हायचं. आईने कधी कुणाला आजारी पाडलं नाही."

सासरे काहीतरी बोलतील, एखादा तिरकस शेरा तरी मारतील, असं तिला वाटलं. ते डोळे मिटून पडून राहिले. वसुधाच्या शब्दांपेक्षा ती शांतता तिला जास्त लागली.

दुसऱ्या दिवशी दोघं घरी आली. उल्काने स्लो कुकर आणि ट्रान्सफॉर्मर पुन्हा खोक्यात भरून माळ्यावर टाकला. त्यानंतर ती पहाटे उठून दोन्ही वेळचं वेगवेगळं रांधू लागली. बसमध्ये खिडकीला डोकं टेकून झोपायची. ऑफिसात एका मीटिंगमध्ये तिचा डोळा लागला आणि शेजारच्याने कोपराने ढोसलं. फेब्रुवारीच्या एका रविवारी ती केयूरला फोनवर म्हणाली, "मी नोकरी सोडते. मला हे दोन्ही होत नाही. तू आलास की बघू पुढचं."

केयूर बराच वेळ समजावत राहिला. ती फक्त 'हं' म्हणत होती. बाहेरच्या खोलीत श्यामसुंदर पेपर वाचत होते आणि बराच वेळ त्यांनी पान उलटलं नव्हतं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ती घरी आली, तर दारातच गरम आमटीचा वास आला. आधी तिला वाटलं, शेजारून येत असेल. स्वयंपाकघरात गेली तर ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होता. ओट्यावर काळं भांडं होतं, काचेच्या झाकणाला आतून वाफ धरलेली. शेजारी श्यामसुंदर चष्मा कपाळावर चढवून उभे होते.

"बाबा, हे काय?"

"मसूर," ते म्हणाले. "घाबरू नकोस. मसुराला गरज नसते म्हणतात, तरीही आधी गॅसवर उकळून घेतलाय. यमुनाबाई शेजारी उभ्या होत्या, साक्षीदार म्हणून."

"माळ्यावरून कुणी काढून दिलं?"

"वॉचमनने. त्यालाही जेवायला बोलवावं लागेल, असं दिसतंय."

तिघं जेवायला बसली. पहिल्या घासाला अपूर्वाने आईकडे पाहिलं. उल्काने तिला डोळ्यांनी दटावलं. श्यामसुंदरांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला आणि म्हणाले, "मीठ राहिलं."

"थोडं कमी आहे," उल्का म्हणाली.

"कमी नाही. नाहीये."

अपूर्वा हसायला लागली आणि मग त्यांनाही हसू आवरेना. उल्काने उठून मीठ आणलं. त्या मसुराची आमटी तिने तीनदा वाढून घेतली, आणि आपण बसून, निवांत जेवतोय हे तिला ताट रिकामं झाल्यावर जाणवलं.

अपूर्वा अभ्यासाला गेल्यावर ती सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, तुम्ही कशाला त्रास घेता? माझ्यामुळे तुम्हाला दवाखान्यात जावं लागलं. आणि आता स्वयंपाकही तुम्हीच करायचा, हे मला बरं वाटत नाही."

ते ओट्याशी उभे राहून भांडं पुसत होते. ते जड होतं, म्हणून दोन्ही हातांनी धरून.

"त्या दिवशी दवाखान्यात मी बोलायला हवं होतं," ते म्हणाले. "वसुधा बोलली तेव्हा. पोटात कालवत होतं, तोंड उघडलं तर शब्दांऐवजी दुसरंच काही आलं असतं. पण नंतरही बोललो नाही, ते खरं."

उल्काने काचेचं झाकण पुसायला घेतलं.

"तू सकाळी जातेस. ही शाळेत जाते. मग घरात काहीही होत नाही," ते म्हणाले. "काही म्हणजे काही नाही. तुझ्या सासूबाई असताना दुपारी तीनला सुद्धा कशाचा तरी वास असायचा, कशाला तरी उकळी यायची. मी पेपर वाचत असायचो आणि मला कळत असायचं की आत काहीतरी चाललंय. तू हे भांडं लावून जायला लागलीस, तेव्हा ते परत आलं. अधूनमधून मी जाऊन झाकणातून बघायचो. तू ते माळ्यावर टाकलंस आणि घर पुन्हा बंद पडलं."

एवढं बोलून ते थांबले, जणू जरुरीपेक्षा जास्त बोलले होते.

"आता नोकरी सोडायची असेल तर सोड," ते म्हणाले. "पण माझ्या जेवणासाठी सोडू नकोस. मी तेवढा महत्त्वाचा माणूस नाही."

उल्काने त्या आठवड्यात ऑफिसात कुणाला काही सांगितलं नाही. पुढच्याही आठवड्यात नाही.

वसुधाला हे कळायला वेळ लागला नाही. एका शनिवारी दुपारी ती आली, तर वडील डायनिंग टेबलाशी बसून दुधी चिरत होते आणि उल्का आत कपाट आवरत होती.

"बाबा, तुम्ही?" ती म्हणाली. "या वयात तुम्हाला विळीशी बसवलंय?"

"विळी नाही, सुरी आहे. विळीवर मला मांडी घालून बसता येत नाही."

"मी गंमत करत नाहीये. लोक काय म्हणतील? आयुष्यभर तुम्ही कधी पाण्याचा पेला उचलून ठेवला नाहीत."

"म्हणून तर आता वेळ लागतो," श्यामसुंदर म्हणाले. उल्का दारात येऊन उभी राहिली होती. त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मुलीकडे वळले. "वसुधा, राजम्याचं जे झालं ते कुणालाच माहीत नव्हतं. तुलाही नव्हतं, मलाही नव्हतं. उल्काला त्या दिवशी कुणी एक घास खाल्लास का म्हणून विचारलं नाही. मीही नाही. ती दिवसभर उपाशी होती. आता जेवून जाणार असशील तर बस, रात्रीपर्यंत होईल. भांडायला आली असशील तर गुरुवारी ये. गुरुवारी वीज नसते, मी मोकळा असतो."

वसुधाचा चेहरा उतरला. ती निघून जाईल असं उल्काला वाटलं. पण तिने पर्स बाजूला ठेवली आणि वडिलांच्या हातातली सुरी घेतली.

"फोडी केवढ्या करताय," ती म्हणाली. "एवढ्या मोठ्या शिजणार आहेत का?"

"रात्रीपर्यंत वेळ आहे त्यांना."

ती जेवून गेली. जाताना उल्काला 'येते गं' म्हणाली. त्यापलीकडे दोघींमध्ये त्या दिवशी काही बोलणं झालं नाही, आणि राजम्याचा विषय नंतरही निघाला नाही.

सगळंच सोपं झालं असं नाही. सासऱ्यांनी मसाल्याच्या डब्यातल्या वाट्यांची जागा बदलली, आणि उल्काचा हात हळदीऐवजी धणेपुडीत जायला लागला. स्टोअर्समधल्या मालासारखे ओट्यावरच्या फडक्यांना नंबर पडले. संध्याकाळी सातला ऑफिसात त्यांचा फोन यायचा, किती वाजता येणार म्हणून, आणि नक्की वेळ सांगितली नाही तर ते नाराज व्हायचे. कधीकधी रविवारी तिला स्वतः काहीतरी करावंसं वाटायचं, तर ओट्यापाशी तेच उभे. एकदा ती चिडून बोललीही. मग रविवार तिचा, असं ठरलं. गुरुवारी वीज जायची, तेव्हा पोहे.

उन्हाळ्यात केयूर कायमचा परत आला. पहिल्या रात्री जेवायला बसल्यावर वडील त्याच्या ताटात चवळीची उसळ वाढायला लागले, तसा तो अर्धवट उठला. "बाबा, बसा तुम्ही, मी घेतो."

"बस," श्यामसुंदर म्हणाले. "तुझ्या यंत्राने केलंय. मी नुसता वाढतोय."

केयूर बसला, पण त्याला जेवता येईना. तो उल्काकडे बघत होता. तिने त्याच्यापुढे लिंबाची फोड सरकवली आणि स्वतः जेवायला सुरुवात केली. अपूर्वा त्याला सांगत होती की चवळी आधी उकळायची, मीठ शेवटी घालायचं, आणि आजोबा झाकण सारखं उघडून बघतात म्हणून जास्त वेळ लागतो.

"मी उघडत नाही," श्यामसुंदर म्हणाले. "वरून बघतो."

बाहेर सोसायटीत कुणाची तरी स्कूटर चालू होत नव्हती, किक मारल्याचा आवाज येत होता. केयूरने हळूहळू पहिला घास घेतला. मग विचारलं, "यात खोबरं घातलंय का?" आणि श्यामसुंदर ते कसं भाजलं, किती भाजलं, हे सविस्तर सांगायला लागले.