उनाइसीचा बिस्किटांचा डबा

सिरिंज भरून डॉक्टर विलिमोनी थांबले. "याला पेनिसिलिन चालतं का? कुणाला ठाऊक आहे?"

शाळेच्या वर्गात चटईवर पडलेल्या अपेनिसाला शुद्ध नव्हती. वादळात उडालेल्या पत्र्याने त्याची पोटरी फाडली होती. जखम चिघळली होती आणि अंग भाजत होतं. त्याची बायको पुरामुळे नदीपलीकडच्या चर्चमध्ये अडकलेली. डॉक्टर फिजीच्या राजधानीतून, सुवाहून, वर्षभरापूर्वी आलेले, आणि मी नर्स असूनही मला काही आठवेना.

आमची कारकून उनाइसी कोपऱ्यात बिस्किटांचा डबा पोटाशी धरून बसली होती. डब्यात दवाखान्याच्या नोंदींची डिस्क. एकोणीस वर्षं ती रोज संध्याकाळी नोंदी उतरवून घरी न्यायची. गेल्या वर्षी नोंदी क्लाउडवर गेल्या, तरी तिने जुना कॉम्प्युटर बंद केला नाही. डॉक्टरांनी समजावलं होतं, की पूर्वी सॉफ्टवेअर आपल्या कपाटात राहायचं, बिघडलं की आपणच निस्तरायचं. आता तेही आणि नोंदीही दूरच्या मोठ्या कॉम्प्युटरांवर राहतात, आपण भाडं भरायचं आणि कुठूनही उघडून बघायचं. उनाइसीचं एकच म्हणणं होतं, आपल्या माणसांची दुखणी परक्याच्या घरात कशाला? आम्ही तिला खूप चिडवलं.

आता तिने डबा उघडला. डिस्क कोरडी ठणठणीत होती. पण ती उघडणारं सॉफ्टवेअर दवाखान्यातल्या कॉम्प्युटरमध्ये होतं आणि दवाखान्यात छातीभर पाणी होतं. तिचा चेहरा मला बघवेना.

"त्याच्या नावापुढे काहीतरी लिहिलंय मी," ती म्हणाली. "पण गावात अपेनिसा तीन आहेत, डॉक्टर. अंदाजाने नाही सांगणार."

क्लाउडवरच्या नोंदी उघडायला डॉक्टरांनी शाळेचा जनरेटर लावायला सांगितला. छपरावरची इंटरनेटची उपग्रह-थाळी वाकली होती. मास्तर शिडीवर चढून ती हातांनी धरून उभे राहिले. डॉक्टरांच्या टॅबलेटवर नाव आलं, जन्मतारीख आली आणि पान अर्ध्यावर अडकलं. अपेनिसा आता कण्हतही नव्हता. डॉक्टरांनी सिरिंज पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली.

मग खालची ओळ उमटली. 'पेनिसिलिन देऊ नये. मागे घसा सुजून मरता मरता वाचला. बायकोला दोनदा विचारून लिहिलं. उनाइसी.'

डॉक्टरांनी ती सिरिंज बाजूला ठेवली आणि नवीत दुसरं औषध भरलं.

नोंदी हलवताना नुसती नावं आणि तारखा तिकडे पोचल्या होत्या, शेरे मागेच राहिले होते. सात महिने जेवणाच्या सुट्टीत ही बाई एकेक शेरा टाइप करत बसायची, त्याच परक्याच्या घरासाठी. काय करतेस म्हणून आम्ही कधी विचारलंही नाही. मला त्याची आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. छप्पर अजून गळत होतं. उनाइसीने रिकामा डबा अपेनिसाच्या उशाशी ठेवला.

"याच्या गोळ्या यात ठेव," ती मला म्हणाली. "बाहेर भिजतील."

डिस्क तिने कमरेला गुंडाळलेल्या सुलूच्या घडीत खोचली आणि उकडलेला कसावा वाढायला गेली.