थोरलीचा हंडा

बसा. दुपारची वेळ आहे, गर्दी व्हायला अजून अवकाश आहे. काउंटरच्या मागे ती काचेची पेटी दिसतेय ना? तिच्यातून मी बोलतोय. मी तांब्याचा हंडा. आत आल्या आल्या तुम्ही मोबाइल काढून ज्याचा फोटो घेतलात, तोच.

फोटोचं काही नाही. सगळेच काढतात. पण मग तुम्ही सोबतच्या बाईंना म्हणालात, "इथली बिअर यातच शिजते," ते मात्र लागलं. म्हणून म्हटलं, एकदा काय ते सांगून टाकावं.

मला एका तांबटाने घडवलं. गडी अबोल होता. जे काही बोलायचं ते हातोडीने बोलायचा. माझं पोट त्याने इतकं गोल ठोकलं की कोपऱ्यात काही लागून बसायला जागाच राहिली नाही. माझा जन्म जॅमच्या कारखान्यासाठी. तिथे वर्षानुवर्षं माझ्यात फळं रटरटली. अंगाला कायम गोड वास. मला वाटायचं, आपलं आयुष्य असंच चिकट जाणार. मग कारखाना बसला, आणि एका सकाळी तिथल्या सामानाचा लिलाव झाला.

लिलावाला आलेले बहुतेक लोक माझ्याकडे पाठ करून यंत्रं बघत होते. एक बाई मात्र सरळ माझ्याकडे आली. अंगावर बेकरीतला पांढरा कोट, कोपरापर्यंत पीठ. तिने आत डोकं घातलं, बोटाने तळ चाचपला आणि मागे उभ्या असलेल्या भावाला म्हणाली, "हाच. दुसरा बघायचा नाही."

"ताई, हा दारातून आत जाईल का?" भाऊ म्हणाला.

"दार मोठं करू."

आणि खरंच केलं. गल्लीत जुन्या छापखान्याची एक खोली त्यांनी घेतली होती. भिंतीवर शाईचे डाग, जमिनीवर यंत्रांच्या पायांचे खड्डे. मला आत घ्यायला चौकट फोडावी लागली. ती नीट बसवायला पुढे कुणाला सवड झाली नाही, त्यामुळे ते दार शेवटपर्यंत कुरकुरत राहिलं.

घरात तिघंच. आई, ताई आणि धाकटा. ताई बेकरीत यीस्ट सांभाळायची. ते कशाने रुसतं, कशाने फुलतं, तिला पाठ होतं. धाकटा मालवाहू गाडी चालवायचा. ती नोकरी सुटली तेव्हापासून तो घरात मान खाली घालून वावरायचा. पबची कल्पना ताईची, त्यात ओतलेली जमा ताईची. पण परवान्यावर नाव लिहायची वेळ आली तेव्हा आई म्हणाली, "धाकट्याचं घाला. त्याला जरा उभारी येईल. आणि कागदावर पुरुषाचं नाव असलेलं बरं असतं."

ताई माझ्या पोटाला लिंबू-मीठ चोळत होती. मान वर न करता म्हणाली, "घाला कुणाचंही. बिअर तर मीच करणार आहे ना?"

पहिल्यांदा तिने माझ्यात जव शिजवले तेव्हा मी घाबरलो होतो. इतकी वर्षं साखरेची सवय, आणि एकदम ही हॉप्सची हिरवी सुकी फुलं येऊन पडली. कडू म्हणजे किती कडू. पण ताई लाकडी वल्ह्याने इतकं शांत ढवळायची की मीही शांत झालो. वाफेने खोली भरायची. आई मागच्या दाराशी स्टूल टाकून बसायची. ती स्वतः थेंबही घ्यायची नाही, पण वासावरून सांगायची, "आज घाई केलीस." आणि ताई म्हणायची, "हो गं, जरा केली."

पहिली खेप बिघडली. दुसरी बरी झाली. तिसरी पिऊन पहिलंच गिऱ्हाईक, एक निवृत्त पोस्टमन, रिकाम्या ग्लासाकडे बघत राहिला. धाकट्याने विचारलं, "आवडली नाही का, काका?"

"आवडायचं काय त्यात," पोस्टमन म्हणाला. "घरात थोरली बहीण बोलते ना, तशी आहे. आधी लागते, मग बरं वाटतं. आणखी एक दे."

तिथून तिचं नाव पडलं, थोरली. लोक यायचे आणि म्हणायचे, "एक थोरली दे." मग लांबलांबून येऊ लागले. खोली एवढीशी, बाकडी तोकडी, अनोळखी माणसांना मांडीला मांडी लावून बसावं लागायचं. एक नर्स ड्यूटी संपवून यायची आणि चपला काढून माझ्या उबेला पाय ठेवायची. कुणी तिला हटकायचं नाही. आणि धाकटा, खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत फार गोड माणूस होता. कोण आज भांडून आलंय, कुणाला एकटं बसू द्यायचं, त्याला चेहऱ्यावरून कळायचं. ताई बिअर करायची, पण माणसं थांबायची ती त्याच्यामुळे.

मग एका मोठ्या बिअर कंपनीची माणसं आली. दोघं होती, बूट स्वच्छ. दोघांनी थोरली मागवली, घोट घेतला, एकमेकांकडे पाहिलं.

"उत्तम," एक म्हणाला. "फक्त कडूपणा थोडा खाली आणला तर घराघरांत जाईल."

ताई हात पुसत बाहेर आली. "कडूपणा काढल्यावर उरतं काय?"

तो हसला. त्याला वाटलं, बाई विनोद करतेय. आणि पुढचं सगळं बोलणं त्याने धाकट्याशी केलं, कारण कागदावर तो होता.

त्यानंतर भावाबहिणीत धुसफूस सुरू झाली. ओरडाआरडा कधीच नाही. एक ढवळायची, एक धुवायचा, आणि मध्ये मी. एके सकाळी धाकटा म्हणाला, "ताई, मी गाडी चालवत होतो तेव्हा माल पोचायला उशीर झाला की गोदामातला कुणीही मला दारात उभं करून शिव्या द्यायचा. आता मोठ्या कंपनीची माणसं मला खुर्ची देतात. एकदा तरी मोठं होऊ दे मला."

"हो ना मोठा. माझी बिअर विकून कशाला?"

"माझं यात काहीच नाही का?"

त्याचंही होतं, हे ताईला माहीत होतं. तिने आईकडे पाहिलं. आई स्टुलावर बसली होती. पदराशी चाळा करत ती हळूच म्हणाली, "तू थोरली आहेस. तू समजून घे."

ताईने वल्हं खाली ठेवलं. माझ्यातल्या पाण्याला तेव्हा आधण येत होतं. तिने आच बंद केली आणि ते पाणी तसंच निवू दिलं. आधणाचं पाणी काही न घालता निवताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

धाकट्याने सही केली. कंपनीचा माणूस यीस्ट घ्यायला थंड डबा घेऊन आला. ताईने स्वतः बरणी काढून त्याच्या हातात दिली आणि सांगितलं, "याला धक्का लागू देऊ नका." त्याला वाटलं, बरणीबद्दल बोलतेय. मग तिने मला घासलं, आतून-बाहेरून, कोरड्या फडक्याने टिपलं. धाकटा दाराशी घुटमळत होता.

"हंडा इथेच राहू दे ताई," तो म्हणाला. "यादीत धरलाय त्यांनी. लोक बघायला येतात."

"राहू दे," ताई म्हणाली. वल्हं घेतलं आणि गेली. तिला परत बेकरीत काम मिळालं. आई काही दिवस स्टुलावर येऊन बसायची, पण वास येण्यासारखं इथे काही उरलं नव्हतं. मग तीही येईनाशी झाली.

आता बिअर दूरच्या कारखान्यातून येते. मागच्या दाराने पोलादी पिंपं गडगडत आत येतात आणि नळांना जोडली जातात. नाव तेच, थोरली. ग्लासावर पांढऱ्या केसांच्या, चष्मेवाल्या हसऱ्या आजीचं चित्र आहे. ही आजी कंपनीच्या जाहिरातवाल्यांनी काढली. भिंतींवरचे शाईचे डाग खरवडले, आणि ते पाहुण्यांना आवडतात म्हणून रंगाने परत काढले. मला काचेत ठेवलं.

मागच्या वर्षी ताई आली. अशीच दुपार होती. केस थोडे पिकलेत, कोपरापर्यंतचं पीठ तसंच. ती गिऱ्हाइकासारखी बाकावर बसली. वाढायला आलेली मुलगी नवी होती. गुणाची पोर, तिला जे शिकवलंय तेच बोलत होती.

"थोरली घेऊन बघा," मुलगी म्हणाली. "आमची खासियत आहे. मालकांच्या आजीची कृती. त्या ह्या हंड्यात करायच्या."

"अच्छा," ताई म्हणाली. "कधी गेल्या त्या?"

"बरीच वर्षं झाली असतील."

"हं. असतील."

ग्लास आला. ताईने आधी वास घेतला. एक घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. चेहऱ्यावर काही नाही. दुसरा घोट घेतला नाही.

तेवढ्यात धाकटा आतून आला आणि जागीच थांबला. त्याचं पोट सुटलंय, केस विरळ झालेत. "ताई," तो म्हणाला, आणि मग ग्लासाकडे बघून म्हणाला, "कशी आहे?"

"गोड झालीये."

तो समोर बसला. ताईने ग्लास बाजूला सारला. मग ताई म्हणाली, "आई जास्त आजारी आहे. तुला बघायचं म्हणते." आणि थोडं थांबून, "घराच्या मागे खोली रिकामी आहे. थोडीशी करीन म्हणते, घरापुरती. तो हंडा मागायला आलेय."

धाकटा ताडकन उठला. कंपनीला विचारलं नाही, यादी पाहिली नाही. किल्ली आणून त्याने पेटी उघडली. त्याला किती बरं वाटत होतं ते त्याच्या लगबगीवरून मला कळलं. "घेऊन जा," तो म्हणाला. "मी बघतो त्यांचं काय ते."

ताईने माझ्यात हात घातला. लिलावाच्या दिवशीसारखाच तळ चाचपला. बोटं मधोमध येऊन थांबली. तिथे भोक आहे. मी आतून उजळावं म्हणून दिवा बसवलाय, त्याची वायर त्यातून खाली जाते. अंगठा सहज जाईल एवढं भोक.

"तांबट बुजवून देईल," धाकटा घाईने म्हणाला. "ताई, मी स्वतः नेतो त्याच्याकडे."

तिने हात बाहेर काढला. बोटांना हिरवं लागलं होतं. बाहेरून मला रोज चकाकवतात, आत कोणी फडकं घालत नाही. आतून मी केव्हाच कळकलोय.

"भोक बुजेल रे," ताई म्हणाली.

एवढंच. रुमालाला बोटं पुसली आणि ग्लास तसाच ठेवून ती निघाली. दारातून म्हणाली, "आईकडे ये मात्र. उशीर करू नकोस."

तो गेला, पण उशिरा. आईच्या क्रियाकर्माला पब एक दिवस बंद होता. कंपनीने दारावर छापील कागद लावला होता, 'दुरुस्तीसाठी बंद'.

तुमचा ग्लास आला बघा. प्या, वाईट नाही ती. माझा राग तुमच्यावर नाही.

एक विनंती मात्र आहे. तुमच्या ओळखीत कुणी भंगारवाला असेल, तर जाता जाता त्याला या गल्लीचा पत्ता द्या. तो येईल, मला उलटा करील, भोक दाखवून भाव पाडील. पाडू दे. तो माझ्याकडे बघून आजीबिजीची गोष्ट सांगणार नाही. वजनकाट्यावर ठेवील आणि म्हणेल, तांबं आहे.