धार लागत न्हाय

माझ्या चाकाला पाणी लागतं, हे घरात कोणालाच पटत नव्हतं. त्या वर्षी, ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट, स्टेशनच्या पूर्वेला आमच्या जेसल पार्कात पाणी टँकरने यायचं. बायका बादल्यांची रांग लावून भांडायच्या आणि मी त्यातलीच अर्धी बादली उचलून खालच्या गाळ्यात, माझ्या दुकानात न्यायचो. सुचेता, म्हणजे आमची सौभाग्यवती, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं म्हणायची, "आम्ही आंघोळीला दोन तांबे घ्यायचे आणि ह्यांच्या दगडाला टबबाथ!"

पण तो दगड साधा नव्हता. कारखान्याच्या टूलरूममध्ये मी वीसेक वर्षं हत्यारांना धार लावली. कारखाना बंद पडला तेव्हा सगळे जण लिलावात टेबलं-पंखे बघत होते, मी ते चाक घेऊन आलो. त्याचा खालचा भाग पाण्याच्या ट्रेमध्ये बुडालेला असतो, ते हळू फिरतं, ठिणगी उडत नाही. सायकलवरचा धारवाला कोरड्या चाकावर सुरी दाबतो, ती तापून निळी पडते आणि पोलादाचं पाणी उतरतं. माझ्याकडे पातं शेवटपर्यंत गार राहतं. हे सगळं मी गिऱ्हाइकाला समजावून सांगायचो आणि गिऱ्हाईक म्हणायचं, "वो ठीक है, जल्दी करो."

स्टेशनपलीकडच्या, पश्चिमेच्या मुर्धा गावचे धाकूबाबा पहिल्यांदा आले ते गणपतीनंतर. होड्या बांधणारे सुतार, सत्तरीच्या घरातले. गोणपाटात गुंडाळून हत्यारं आणली होती: पटाश्या, वाकस, रंध्याची पाती. पुतण्याची, नाथाची, होडी त्यांनी बांधायला घेतली होती. ही आपली शेवटची होडी, असं तेच सांगत होते. म्हातारा कसबी होता हे हत्यारांच्या मुठी बघूनच कळत होतं, म्हणून मी जीव ओतून धार लावली.

त्यांनी पटाशी उचलली, अंगठा धारेवर आडवा फिरवला आणि तोंड वाकडं केलं. "धार लागत न्हाय, भाऊ."

मला वाटलं, थट्टा करतायत. मी तीच पटाशी माझ्या डाव्या हातावरून फिरवली, केस साफ निघाले. "हे काय मग?"

"न्हावी हाय कं मी?" म्हातारा म्हणाला. "मना लाकूड कापाचा हाय."

मी लाकडाचा तुकडा पुढे केला. पटाशी लोण्यात जावी तशी गेली. त्यावर म्हणे, "तुज्या दुकानातला लाकूड मऊ हाय." अंगठ्याने हो म्हटल्याशिवाय आपण हत्यार लाकडाला लावत नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. बापाने तसंच शिकवलं होतं. मी पुन्हा सगळी हत्यारं चाकावर धरली, त्यांनी पुन्हा अंगठा फिरवला आणि मान हलवत गोणपाट बांधलं.

पुढच्या आठवड्यात ते परत हजर. त्याच पटाश्या, माझी धार जशीच्या तशी, वापरल्याची एक खूण नाही. आणि तक्रार तीच.

माझं डोकं चालेना. मी दगडाचं तोंड नव्याने सरळ केलं. कोन बदलून पाहिला. चामड्याच्या पट्ट्यावर पाती घासघास घासली. मग वाटलं, टँकरचं पाणी खारट येतं, त्याचाच काही दोष असेल. म्हणून एक दिवस पिण्याच्या पाण्याची कळशी ट्रेमध्ये ओतली. ते सुचेताने पाहिलं. त्यानंतर ती जे बोलली ते इथे लिहीत नाही.

गंमत म्हणजे बिल्डिंगमधल्या बायका उलटंच रडगाणं गात होत्या. "भावोजी, तुमच्या सुरीने बोट कापलं, जरा कमी धार लावा." एकाच चाकावर, एकाच हाताने लावलेली धार स्टेशनच्या पूर्वेला जास्त होते आणि पश्चिमेच्या गावात लागतच नाही? मला स्वतःचाच संशय यायला लागला. डोळे अधू झाले असतील, की हातच चळला? जेवताना मी वरणभाताकडे बघत बसायचो.

आणि हे माझ्यापुरतं राहिलं असतं तर ठीक. पण स्टेशनजवळ मासे विकणाऱ्या हौसाबाईने एके दिवशी कोयता दिलाच नाही. म्हणाली, "धाकूबाबा बोलतो, तुज्याकडं धार न्हाय. हत्यारातला त्यालाच कलतं." तिचं पाहून बाकीच्या कोळणी थांबल्या, मग शेजारच्या राई गावचे सुतार थांबले. माझा गाळा त्याच लोकांवर चालत होता. म्हातारा माझं दुकान बंद पाडणार, ह्यात मला शंका उरली नाही. रागाने माझी झोप उडाली होती.

दिवाळीच्या तोंडावर ते आले तेव्हा मी ठरवलंच होतं, आज तोंडावर सांगायचं की बाबा, पुन्हा येऊ नका. नाथा बाहेर मोटरसायकल लावत होता. म्हाताऱ्याने पटाशी घेतली आणि अंगठा फिरवला, या वेळी चांगला दाबून. "न्हाय," ते म्हणाले. पुन्हा फिरवला. "न्हायच."

पात्यावर लालसर ओघळ दिसला. मला वाटलं, ट्रेमधलं गंजाचं पाणी असेल. मग टेबलावर थेंब पडला, त्याच्या मागून दुसरा. म्हातारा अजून अंगठा फिरवतच होता.

"बाबा, थांबा! हात कापलाय."

त्यांनी अंगठा डोळ्यांसमोर धरला. "कवा?"

"आत्ता. माझ्यासमोर."

ते खाली बसले. मी रुमाल काढून घट्ट बांधला. बांधताना ते माझ्याकडे नुसते बघत होते, चेहऱ्यावर दुखल्याची एक रेष नाही. मग म्हणाले, "साकर हाय मना. डाक्टर बोलला व्हता, पायाची जाणीव जाईल. हाताचा कुनी बोलला न्हाय."

म्हणजे मी जिंकलो होतो. चाक बरोबर, पाणी बरोबर, माझा हातही बरोबर. आणि मला रडू येत होतं.

तेवढ्यात नाथा आत आला. पस्तिशीचा, दांडगा, मिशीवाला गडी. "काय ओ, होडी कवापासून अडून पडलीय. धार लावता का न्हाय नीट?"

धाकूबाबांनी हात धोतराच्या घडीत लपवला. ते पाहिलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझंच चुकतंय, नाथा. हा दगड तुमच्या हत्यारांना चालत नाही. दुसरीकडे बघा."

"खोटा बोलतो तो," धाकूबाबा म्हणाले. "धार चोख हाय. पयल्या दिसापासून चोख हाय. गावात सगल्यांना सांग." त्यांनी रुमाल बांधलेला हात पुढे केला. "माजा अंगठा मेला."

हे ऐकायला मी दीड महिना तळमळलो होतो. आता वाटलं, ह्या माणसाने मला पुन्हा चार शिव्या घालाव्यात आणि गोणपाट उचलून तरातरा निघून जावं.

नाथा रुमालाकडे बघत राहिला. "मंग होडी?"

म्हाताऱ्याने पटाशी कोरड्या फडक्याने पुसली. मग नाथाचं मनगट धरलं, त्याचा अंगठा धारेवर टेकवला आणि हलकेच आडवा ओढला.

"काय लागतं?"

"खरखरतं."

"नुसता खरखरतं, का कातडीला धरतं?"

नाथाने पुन्हा अंगठा ओढला, या वेळी सावकाश. "धरतं, काका."

धाकूबाबा पटाशीकडे बघत नव्हते, पुतण्याच्या तोंडाकडे बघत होते. "कसा धरतं?" त्यांनी विचारलं. "नीट सांग, पोरा. मना कलू दे."