अर्ध्या मण्याचा सूड

मी एक जुना फोटो आहे. खरं म्हणजे अर्धाच. मित्रांनो, माझ्या डोळ्यांना भोकं आहेत म्हणून घाबरू नका. ती कुणी पाडली, तेच सांगायला मी तोंड उघडलं आहे.

एका ऐतिहासिक चित्रपटासाठी माझा जन्म झाला. चित्रीकरणाआधी नटनट्यांना पोशाख चढवून, केसांचा टोप घालून चाचणीचे फोटो काढत. राणीच्या भूमिकेसाठी एक नवी मुलगी निवडली होती. तिला पांढऱ्या पडद्यासमोर उभं केलं. टोपाची लांब वेणी डाव्या खांद्यावरून पुढे घेतली, तिच्यात मण्यांची माळ गुंफली. मुलगी इतकी ताठ उभी राहिली, की बाजूचे शिंपीकाकासुद्धा नकळत सरळ झाले. मी फार देखणा निघालो, हे मीच सांगतो. दुसरं कोण सांगणार?

मग मला कापलं. तशी पद्धतच होती. फोटोची प्रत एकच निघे, म्हणून खांद्याखालचा भाग कपडेपटात जाई आणि डोक्याचा भाग टोपांच्या खोलीत. कात्री आडवी फिरली आणि माळेतल्या एका मण्याचे दोन तुकडे झाले. अर्धा मणी माझ्याकडे राहिला, अर्धा धडाबरोबर गेला.

आठवड्याभरात एका नामांकित नटीने तो पोशाख पाहिला आणि हट्टच धरला, राणी मी होणार. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. दिग्दर्शकाने मान तुकवली. मुलीला भूमिकेऐवजी टोप विंचरायचं काम मिळालं. रोज माझ्याकडे पाहून तश्शीच वेणी घालायची आणि तो टोप मोठ्या बाईंच्या डोक्यावर बसवायचा. मी आरशाच्या कडेला खोचलेला असे.

"ही माझ्याकडे काय टकमक बघते?" एके दिवशी मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांनी केसांतली पिन काढली आणि माझे दोन्ही डोळे फोडले. "आता बघ म्हणावं!"

मुलगी मागेच उभी होती. तिच्या हातातला कंगवा थांबला आणि पुन्हा टोपातून फिरू लागला. मी मात्र त्याच क्षणी ठरवलं, या बाईला सोडायचं नाही.

चित्रपट खूप गाजला. मुलीने मला घरी आणलं, धाकट्या भावाला दाखवून म्हणाली, आधी राणी मीच होते. तो पोट धरून हसला. "ताई, टोप काय, कुणीही घालेल. राणीचा पोशाख कुठंय यात? आणि हिला तर डोळेही नाहीत!"

तेव्हापासून घरात तिचं नावच पडलं. राणीसाहेब, चहा टाका. राणीसाहेब, केर काढा. केस पांढरे झाले तरी ही थट्टा संपली नाही. ती हसण्यावारी न्यायची आणि मग कपाट उघडून माझ्यावरची धूळ पुसायची. तिला रडताना फक्त मी पाहिलं आहे, तेही डोळे नसताना.

पुढे त्या चित्रपटातल्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं. ताई मला पर्समध्ये घालून, भावाला घेऊन गेली. काचेच्या पेटीत तो पोशाख पसरला होता आणि शेजारी माझं धड! मोठ्या बाई पाहुण्यांना सांगत होत्या, "हा पोशाख माझ्याशिवाय कुणाच्या अंगाला लागलाच नाही. फोटो माझाच आहे. डोकं तेवढं कुठेतरी हरवलं."

ताईने मला बाहेर काढलं आणि काचेवर, धडाच्या बरोबर वर ठेवलं. वेणी वेणीला लागली. अर्ध्या मण्याला अर्धा मणी मिळाला. मित्रांनो, त्या एका गोल मण्यासाठी मी एवढी वर्षं दबा धरून बसलो होतो!

भावाने चष्मा लावला. बराच वेळ तो वाकून बघत राहिला. "ताई... ही राणी तर तूच गं."

"मग इतकी वर्षं मी काय सांगत होते?"

"पण डोळ्यांना काय झालं?" एका पाहुण्याने विचारलं.

"मोठ्या बाईंना विचारा," ताई म्हणाली.

सगळ्यांच्या माना वळल्या. मोठ्या बाईंचा हात आपसूक अंबाड्यातल्या पिनेकडे गेला आणि तिथेच राहिला. कुणीतरी नेमका तेव्हाच त्यांचा फोटो काढला. मला काय गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू!

भावाने कोपऱ्यातली खुर्ची ओढून आणली. "बसा, राणीसाहेब," तो म्हणाला. या वेळी तो हसत नव्हता.

मित्रांनो, जुने फोटो जपा. कोरडे ठेवा, ओली बोटं लावू नका, कापू तर मुळीच नका. आणि कुणाचा चेहरा पुसायचाच असेल, तर आम्हाला पुरतं जाळून टाका. अर्धा मणी जरी मागे राहिला, तरी आम्ही वाट बघतो.